पेपर रोज वाचतात, वह्याही भरतात, पण शब्द तोंडात येत नाहीत – सहावी-सातवीसाठी काय करावं?

पाटी_पेन्सिल (चोपडा तालुका)

राम राम मंडळी. जिल्हा परिषदेची शाळा, सहावी-सातवी मिळून ३१ मुलं. शाळेत रोज दोन मराठी पेपर येतात, दोन्ही बारा पानी. परिपाठात एक जण ठळक बातम्या वाचतो आणि नंतर प्रत्येकानं पाच अवघड शब्द अर्थासकट वहीत लिहायचे, असा नेम आहे. वह्या भरल्यात. 'आवर्तन' (कालव्याला पाळीनं सोडलेलं पाणी) हा शब्द जवळपास प्रत्येक वहीत दोन-तीनदा सापडेल, अर्थ विचारला तर सांगतातही. पण लिहायला बसले की 'पाणी सोडलं' याच्यापुढे गाडी जात नाही.

बहुतेकांच्या घरी अहिराणी, काहींकडे लेवा बोली, तिघं पावरा आदिवासी घरांतली.

नेमकं विचारायचंय ते असं: बातम्या कोणत्या घ्याव्यात, रोज किती शब्द घ्यावेत, ३१ मुलांत दोन पेपर कसे पुरवावेत आणि मोबाईलवर अर्थ शोधू द्यावा का? 'वाचनाची गोडी लावा' हे सोडून काहीही सांगा.

---

तापीकाठ

नेमातच घोळ आहे. 'अवघड शब्द शोधा' म्हटलं की मूल बातमी वाचत नाही. बोंड तेवढं वेचतं, झाडाकडे बघतच नाही. रोज पाच म्हणजे आठवड्याला तीस शब्द होतात, आणि त्यातला एकही दुसऱ्या दिवशी परत भेटत नाही. एकदाच भेटलेला शब्द राहत नाही, मग वही कितीही सुबक असो.

म्हणून आधी रोज नवी बातमी घेणं बंद करा. एक चालती बातमी धरा आणि आठ-दहा दिवस तिच्याच मागे राहा. आपल्याकडे अशा बातम्यांना तोटा नाही. पावसाळ्यात हतनूर, गिरणा, वाघूर ही धरणं. दिवाळीनंतर कापूस. केळीचे भाव बाराही महिने. नंदुरबारकडच्या शाळांना हिवाळ्यात मिरची. मार्चपासून पारा आणि टंचाई. चालत्या बातमीत तेच शब्द आपोआप पुन्हा पुन्हा येतात. उजळणीचं निम्मं काम वार्ताहरच करून टाकतो.

नमुना म्हणून खालचा मजकूर बघा. बनवलेला आहे, पण घडण रोजच्या बातमीचीच:

'हतनूर धरणाच्या पाणलोट क्षेत्रात संततधार पाऊस सुरू असल्याने धरणातील पाण्याची आवक वाढली आहे. त्यामुळे धरणाचे काही दरवाजे उघडण्यात आले असून तापी नदीपात्रात विसर्ग सुरू आहे. नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे, असे आवाहन प्रशासनाने केले आहे.'

यातल्या शब्दांचे तीन ढीग करा. पहिला ढीग मुलांना येणाऱ्या शब्दांचा: दरवाजे, पाऊस, गावं. सोडून द्या. तिसरा ढीग त्या विषयापुरत्या शब्दांचा: विसर्ग, पाणलोट क्षेत्र, आणि पुढच्या ओळीत हमखास येणारा क्युसेक. हे तिथल्या तिथे एका वाक्यात सांगून मोकळं व्हायचं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, म्हणजे दर सेकंदाला पंधरा लिटरच्या दोन बादल्या. एवढं पुरे, त्यावर तास घालवू नका. खरा माल दुसऱ्या ढिगात असतो. हे शब्द एका बातमीतून उठून दुसरीत जाऊन बसतात: आवक, सतर्क, आवाहन, संततधार.

'आवक' घ्या. आज धरणात पाण्याची आवक. परवा बाजार समितीच्या बातमीत कापसाची आवक. आणि तुमच्याच कार्यालयात मुख्याध्यापकांच्या टेबलावर आवक-जावक नोंदवही पडलेली असते. तिन्ही ठिकाणं मुलांना दाखवा आणि 'आवक म्हणजे काय' हे त्यांच्याकडूनच काढून घ्या. आत येणं हा अर्थ मुलं स्वतः सांगतात. अर्थ फळ्यावर आधी लिहून दिलात तर ही सगळी मजा गेली.

आठवड्याला आठ शब्द. त्याहून जास्त नको. शाळेचे पस्तीस आठवडे धरले तर २८० होतात, आणि वापरात आलेले २८० शब्द सहावी-सातवीला भरपूर झाले.

आता 'अर्थ येतो पण वापर नाही' याचं कारण. मुलाला शब्द एकटा दिला जातो, त्याचं क्रियापद दिलं जात नाही. विसर्ग 'सुरू होतो', 'वाढवतात', 'थांबवतात'. इशारा 'देतात'. आवाहन 'करतात', पण आव्हान 'देतात', 'स्वीकारतात', 'पेलतात'. प्रतिसाद 'देतात', 'मिळतो', 'लाभतो'. हे सोबती माहीत नसले की मूल जपून खेळतं आणि 'पाणी सोडलं'वर थांबतं. त्याची चूक नाही.

तेव्हा वही बाजूला ठेवा, चिठ्ठ्या करा. पाठकोऱ्या कागदाचे पोस्टकार्डाएवढे तुकडे कापायचे. पुढच्या बाजूला बातमीतलं वाक्य, शब्दाच्या जागी रेघ. मागे शब्दाचं मूळ रूप, मुलाच्या भाषेतला अर्थ, दोन-तीन सोबती आणि गावातल्या गोष्टीवरचं स्वतःचं एक वाक्य. 'आवक'च्या मागे 'आमच्या दूध डेअरीत सकाळी दुधाची आवक जास्त असते' असं काही आलं की समजायचं, शब्द बसला. शब्दकोशातली व्याख्या उतरवून घेतलेली चिठ्ठी परत करायची.

चिठ्ठ्या बुटाच्या खोक्यात, पुठ्ठ्याचे पाच कप्पे करून ठेवा. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याला, चौथा पंधरवड्याला, पाचवा महिन्याला. बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की कितव्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. जोडी-जोडीनं पाच मिनिटांत उरकतं. इथे एक गोष्ट हमखास बिघडते. मुलं चुकलेली चिठ्ठी हळूच पुढे सरकवतात, कारण मागे जाणं म्हणजे हरणं वाटतं. म्हणून किती चिठ्ठ्या पाचव्या कप्प्यात पोचल्या याची स्पर्धा लावू नका. कसलीच लावू नका.

पेपर पुरवायचा प्रश्न सोपा आहे. बारा पानी पेपर म्हणजे सुटे तीन ताव. पहिल्या तावावर १, २, ११, १२ ही पानं, मधल्यावर ३, ४, ९, १०, आतल्यावर ५ ते ८. दोन पेपरांचे सहा ताव, सहा गट, पाचात पाच-पाच मुलं आणि एकात सहा. ताव रोज फिरवा, नाहीतर एकाच गटाच्या वाट्याला सदा जाहिराती येतील. चालती बातमी मात्र सगळ्यांसाठी फळ्यावर, चाळीस ते साठ शब्द, जशीच्या तशी. सोपी करून लिहू नका.

बातमी झेपेल का हे बघायला शंभर शब्द मोजा. न कळलेल्या शब्दाला एक बोट. पाच बोटं झाली की ती बातमी त्या मुलासाठी नाही. अग्रलेख या मापात कधीच बसत नाही, तो सहावीला लावू नये. नववीपर्यंत थांबा.

---

कोश_उघडा

वरच्या सगळ्याला अनुमोदन. मोबाईलच्या प्रश्नाबद्दल थोडं.

पेपर वाचताना आपली मुलं अडखळतात ती शब्दाच्या अर्थापेक्षा त्याच्या रूपाशी. बातमीत 'कापसाच्या' असतं, कोशात 'कापूस'. 'कापसा' कोशात नाही म्हणून मूल म्हणतं, 'सर, हा शब्दच नाहीये.' त्यामुळे कोश हातात देण्याआधी मूळ रूप काढायचा सराव हवा. शेवटचं शेपूट काढा, उरलेल्याला सरळ करा:

कापसाच्या – कापसा – कापूस
निविदेतील – निविदे – निविदा
पंचनाम्यांचे – पंचनाम्यां – पंचनामा
घसरणीमुळे – घसरणी – घसरण
सावटाखाली – सावटा – सावट
निकषांनुसार – निकषां – निकष

रोज तीन शब्द, फळ्यावर, दोन मिनिटं. महिन्याभरात हात बसतो. तिढा असलेले मुद्दाम घ्या. 'भावाने' हे भाव आणि भाऊ या दोन्हींचं रूप आहे: 'कापूस चांगल्या भावाने गेला' आणि 'मयताच्या भावाने फिर्याद दिली'. कोणता भाव हे शेजारचे शब्दच सांगतात. 'नुकसानभरपाईपोटी' यातल्या 'पोटी'चा पोटाशी संबंध नाही आणि 'पाण्याअभावी' हा एक शब्द नसून पाणी अधिक अभावी आहे, हेही एकदा फोडून दाखवावं लागतं.

मोबाईलची अडचण अशी, की तो बहुधा शब्दाचा पहिला अर्थ पुढे करतो. 'जिनिंगमध्ये गाठींचे उत्पादन घटले' यातली गाठ त्याला दोरीची वाटते. इथे गाठ म्हणजे रुईची (सरकी काढलेल्या कापसाची) दाबून बांधलेली, १७० किलोची. तसंच 'खंडी'. कापसाच्या बाजारात खंडी म्हणजे ३५६ किलो रुई. आजोबांच्या तोंडची धान्याची खंडी म्हणजे वीस मण. खंडपीठाचं विचारूच नका, 'पीठ' म्हटलं की मुलांना गिरणीच आठवते. खानदेशातली बरीच प्रकरणं औरंगाबाद खंडपीठात जातात, म्हणून हा शब्द आपल्या पेपरात सारखा येतो. न्यायालयाचा एक भाग दुसऱ्या गावी बसतो, तिथे पीठ म्हणजे बसायची जागा, एवढं सांगितलं तरी भागतं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी वाक्यावरून अंदाज, तो चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहायचा. मग छापील कोश. मोबाईल सगळ्यात शेवटी, आणि तोही गुरुजींच्या हातात. अंदाज चुकला तरी खोडू नये, शेजारी बरोबर अर्थ लिहावा.

छापील कोश घेतलात तर एक बघून ठेवा. क्ष आणि ज्ञ बऱ्याच मराठी कोशांत सगळ्यात शेवटी येतात, काहींत क आणि ज यांच्या पोटात. 'क्षमता' शोधायला मुलं पाच मिनिटं घालवतात ती यामुळेच. तुमच्या कोशात कुठे आहेत ते पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी सुट्या शब्दांपेक्षा जास्त फळ देते. आठवड्याला एक शेपूट किंवा एक डोकं शिकवा. 'ग्रस्त' घेतलं की पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, प्रकल्पग्रस्त हे एका दमात कळतात (सरदार सरोवरामुळे नंदुरबारच्या मुलांना तिसरा शब्द घरूनच माहीत असतो). 'निहाय' घेतलं की गावनिहाय, तालुकानिहाय, पीकनिहाय. 'बे' म्हटलं की बेमुदत, बेदखल, बेवारस. 'ना' म्हटलं की नापीक, नादुरुस्त. गटांना ताव देऊन 'दहा मिनिटांत ग्रस्तवाले सगळे शोधा' म्हणा, वर्ग गप्प बसतो.

'आणेवारी' एकदा आवर्जून घ्या. १९५७ साली दशमान नाणी आली आणि रुपयाचे सोळा आणे मोडीत निघाले, पण पिकाचा अंदाज अजून आणेवारीतच छापून येतो आणि हिशेब मात्र पैशांत: पन्नास पैशांपेक्षा कमी म्हणजे पीक निम्म्याहून कमी. एका शब्दात इतिहास, गणित, शेती सगळं निघतं.

---

सातपुड्याकडून

आमचा भाग नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावचा, निवासी शाळांचा. इथे पेपर दुपारी, कधी दुसऱ्या दिवशी पोचतो, आणि शब्दांसाठी त्यानं काही बिघडत नाही. उलट आठ दिवसांचे अंक एकत्र हातात असले की चालती बातमी एका बैठकीत लावता येते. ज्यांच्याकडे पेपर येतच नाही त्यांनी जवळच्या ग्रंथालयाकडून महिन्याची रद्दी मागून घ्यावी. भावाच्या बातम्या तेवढ्या शिळ्या होतात, भाषा नाही.

बोलीबद्दल वर कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. अहिराणी घरातल्या मुलाला 'आवर्तन' नवीन असतं, पण वस्तू नवीन नसते. घरी 'पाटले पानी उनं' (पाटाला पाणी आलं) हे रोजचं आहे, आणि पाणीपाळी हा शब्द बांधावर सगळ्यांच्या तोंडी असतो. तेव्हा चिठ्ठीच्या मागे एक ओळ वाढवा: 'घरी काय म्हणतो?' पाणीपाळी, मग आवर्तन. वावर, मग क्षेत्र. दोन्ही शब्द राहू द्या. घरच्या शब्दावर काट मारली की मूल पेपरातला शब्दही जवळ करत नाही.

अहिराणीत आणि लेवा बोलीत ळ चा य होतो. डोळा डोया, काळा काया, वढाळ वढाय. म्हणून श्रुतलेखनात 'केयी', 'दुष्काय' असं उतरतं. ही चूक शब्द न कळल्याची नाही, कानाची आहे. लाल शाईनं भागत नाही. ज्या बातमीत ळ भरपूर आहे ती मोठ्यानं वाचून घ्या. केळीच्या भावाची बातमी यासाठी अगदी आयती: केळी, फळ, काळ, पिवळी, अवकाळी, वादळ.

कोश_उघडा यांनी रूपांचं सांगितलं, त्याचंही मूळ थोडं इथेच आहे. अहिराणीत 'गावना', 'घरमा' असं प्रत्यय थेट चिकटवतात. प्रमाण मराठीतलं 'गावाचा' किंवा 'कापसाचा' यातलं मधलं वळण मुलांना परकं असतं. त्यामुळे ती सहा शब्दांची यादी आपल्याकडे आणखी गरजेची.

पावरा किंवा भिली बोलणाऱ्या मुलांसाठी मात्र बातमीपासून सुरू करू नका. मराठी ही त्यांची दुसरी भाषा आहे, शंभरात पाच बोटं पहिल्या वीस शब्दांतच संपतात. त्यांना फोटोखालची ओळ द्या. दहा-बारा शब्दांची असते, कोण, कुठे, काय करतंय एवढंच सांगते, आणि अर्थ समोर चित्रात असतो. क्रम असा: आधी ओळ झाकून फोटोवर त्यांच्या भाषेत बोलू द्यायचं, मग ओळ वाचायची, मग कोणता शब्द चित्रात कुठे दिसतो ते बोटानं दाखवायचं. पंधरा दिवसांनी हवामानाचा चौकोन: कमाल, किमान, आर्द्रता, सूर्योदय. रोज तेच शब्द, फक्त आकडे बदलतात. तिसऱ्या महिन्यात छोट्या बातम्या. तुमच्या तिघांना वेगळं बसवू नका, ज्या गटाच्या तावावर फोटो आहेत त्यात घाला.

---

प्रुफाची_शाई

जरा उलटी बाजू. पेपरची मराठी जशीच्या तशी मुलांपुढे ठेवण्यासारखी नसते, आणि हे आधी कबूल करून वर्गात न्यावी.

तापीकाठ यांनी आवाहन-आव्हान वेगळे दाखवले ते बरं केलं, कारण छापून येताना 'मतदान करण्याचे आव्हान' सर्रास येतं. अशी चूक सापडली की कापून भिंतीवर लावा, खाली दुरुस्ती. शुद्धलेखनाचे नियम साहित्य महामंडळानं १९६२ साली १४ केले आणि १९७२ साली ४ वाढवले, एकूण अठरा. त्यांचा तक्ता त्याच भिंतीवर असू द्या, म्हणजे वाद मिटवायला हाताशी राहतो.

शब्दांची मापं सैल असतात, ही दुसरी अडचण. 'ढगफुटी' कुठल्याही जोरदार सरीला लावतात. हवामान खात्याच्या हिशेबात लहानशा भागात एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच ती ढगफुटी. पीकनुकसानीच्या बातमीतली 'अतिवृष्टी' म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त. बातमीत पावसाचा आकडा दिलेला असेल तर मुलांनीच ठरवावं, शब्द बसतो का. भुरभुर, रिमझिम, संततधार, मुसळधार, अतिवृष्टी, ढगफुटी असे सहा कागद कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीवर क्रमानं लावायला सांगा. संततधार कुठे लावायची यावर भांडण होतं, आणि व्हायलाच हवं. ती जोराची नाही, न थांबण्याची गोष्ट आहे, तिला त्या दोरीवर जागाच नाही.

भावांचीही अशीच दोरी करा. खाली जाताना नरमले, उतरले, घसरले, गडगडले, कोसळले. वर जाताना सुधारले, वधारले, कडाडले, भडकले, गगनाला भिडले. आणि मग विचारा, केळीचे भाव 'वधारले' कोण म्हणतं आणि 'भडकले' कोण? रावेरचा बागायतदार भाव भडकले असं म्हणणार नाही. भडकले हा गिऱ्हाइकाचा शब्द आहे. बातमी कुणाच्या बाजूला उभी राहून लिहिली हे क्रियापदावरून कळतं, सातवीच्या मुलाला ते नीट उमगतं.

'म्हणाले'चंही तेच. सांगितले, नमूद केले, स्पष्ट केले, दावा केला, आरोप केला, कबुली दिली, ठणकावले. एका बातमीतले हे शब्द काढून सगळीकडे 'म्हणाले' घाला आणि परत वाचा. 'दावा केला' आणि 'कबुली दिली' यांत खरं-खोटं किती फिरतं ते दिसेल.

संशयित, आरोपी, गुन्हेगार हे तीन शब्द मात्र दोरीवर नकोत, ते सरळ समजावून सांगा. नुसता संशय आहे तो संशयित, आरोप ठेवला तो आरोपी, न्यायालयानं दोषी ठरवल्यावर गुन्हेगार. जामीन आणि जमीन यांचा काना तपासा. बाकी गुन्हेगारीची पानं ताव वाटण्याआधीच काढून घ्या. जेवढे ताव काढाल तेवढे गट कमी करा.

शेवटचा इशारा: 'करण्यात आले' ही पेपरची जुनी खोड आहे, आणि ती मुलांना गोवरासारखी लागते. दोन महिन्यांत निबंधात 'सहलीला जाण्यात आले, जेवण करण्यात आले' सुरू होतं. उतारा एकच. आठवड्यातून एकदा अशी पाच वाक्यं देऊन विचारायचं, 'कुणी केलं?' उत्तर बातमीत सापडलं तर वाक्य सरळ करून लिहायचं. सापडलं नाही तर ते का लपवलं असेल, यावर थोडं बोलायचं.

---

पाटी_पेन्सिल

खूपच नेमकं मिळालं, आभार. दोन शंका. शब्द बसले की नाही हे कसं तपासायचं? वह्यांसारखं पुन्हा पाठांतर व्हायला नको. आणि भिंतीवर कात्रणं लावायची तर ती चार महिन्यांत पिवळी पडतात आणि कसर लागते, त्याचं काय करता?

---

तापीकाठ

अर्थ विचारूच नका. दहा दिवस एका पेपरातली बातमी चालवली असेल तर अकराव्या दिवशी त्याच विषयाची बातमी दुसऱ्या पेपरातून घ्या, साठ-सत्तर शब्दांची. त्यात आठ जागा रिकाम्या ठेवा. दर सातवा शब्द गाळायची पद्धत पुस्तकात असते, मराठीत ती चालत नाही, कारण निम्म्या वेळा 'आहे' नाहीतर 'आणि' गळतं. दुसऱ्या ढिगातलेच शब्द गाळायचे. खाली बारा शब्द द्यायचे, चार जास्तीचे, आणि ते मूळ रूपात: 'निविदा' दिलं असेल तर मुलानं 'निविदेला' करून लिहायला हवं. शब्द बरोबर पण रूप चुकलं तर अर्धा गुण. आठपैकी सहा आले की पुढची बातमी धरा.

खरी परीक्षा मात्र महिन्यानं, न सांगता. चार ओळींची बातमी लिहायला द्या: 'गावात टँकर आला', 'शाळेच्या पटांगणात पाणी साचलं', असलं काहीही. आपण काही सुचवायचं नाही. त्यात महिन्यापूर्वीचे दोन शब्द योग्य क्रियापदासह आले तर ते कमावलेले. मुद्दाम कोंबलेले ओळखू येतात, चार ओळींत सहा भारी शब्द दिसले की समजा, खोकं पाठ केलंय.

---

कोश_उघडा

कात्रणांबद्दल. पेपरचा कागद स्वस्त लगद्याचा असतो, त्यातलं लिग्निन उन्हानं आणि हवेनं पिवळं पडतं. थांबवता येत नाही, लांबवता येतं. खिडकीसमोरची भिंत टाळा, आपल्या मे महिन्यात तर तो कागद पापडासारखा मोडतो. कणकेची खळ वापरू नका, कसर आणि झुरळं तिच्यासाठीच येतात. खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे, ती शाळेत अजिबात नको, विषारी असतं ते. पातळ लावलेला पांढरा डिंक बरा, तोही चार कोपऱ्यांनाच. सगळ्यात उत्तम म्हणजे चिकटवायचंच नाही: दोरी आणि चिमटे, महिना झाला की कात्रण उतरवायचं आणि त्यातलं कामाचं वाक्य चिठ्ठीवर हातानं उतरवून घ्यायचं. कात्रणाच्या मागे पेपरचं नाव आणि तारीख मात्र कापतानाच लिहा. नंतर ते सापडत नाही.